मागच्या आसाचा हिशेब



मोटार विकत घेणारा माणूस बहुधा दोन प्रश्न विचारतो. गाडी पळते किती आणि पेट्रोल पिते किती? घाटाच्या वाटेवर राहणारा त्यात तिसऱ्याची भर घालतो. भरल्या गाडीला ओढ आहे का? या तिन्ही प्रश्नांचे बरेचसे उत्तर एकाच ठिकाणी दडलेले असते. जीप, ट्रक किंवा एस.टी.ची बस मागून पाहा. दोन चाकांच्या मधोमध, आसावर एक लोखंडी गोळा दिसतो. त्याच्या पोटात दोन दातेरी चाके एकमेकांत गुंतलेली असतात. एक लहान, एक मोठे. मिस्त्री लोक लहानाला पिनियन म्हणतात आणि मोठ्याला क्राउन. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागा. जो आकडा येईल तो गाडीचा स्वभाव सांगतो. गाडी धावणारी आहे की ओढणारी, हे त्या आकड्यावरून कळते.

हा आकडा कोठून आला, तो कोणी ठरवला आणि सोलापूरच्या इतिहासाशी त्याचा काय संबंध, हे आज पाहू.

मुळात हा हिशेब आपल्याकडे नवा नाही. सूतकताईचा चरखा आठवा. मोठे चाक एकदा फिरवले की चाती कितीतरी फेरे घेते. चातीला वेग मिळतो, पण तिच्यात जोर नसतो. बोटाने धरली तरी थांबते. आता जुन्या गुऱ्हाळातला उसाचा चरक आठवा. लांब दांडीला जुंपलेले बैल मोठा फेरा मारतात, तेव्हा कुठे लाटा एकदा फिरतात. त्यांना वेग नाही, पण जोर असा की ऊस आत जातो आणि चिपाड होऊन बाहेर पडतो. तिथे बोट घालायची कोणाची छाती नाही. नियम एकच आहे. फेरे वाढवाल तर जोर घटेल, फेरे घटवाल तर जोर वाढेल. दोन्ही एकदम मिळत नाहीत. दात्यांची चाके शक्ती निर्माण करीत नाहीत. आलेली शक्ती ती वेगाच्या रूपाने द्यायची की जोराच्या, एवढेच ती ठरवतात.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तिला पुढे सारे जण जुनी गिरणी म्हणू लागले. त्या काळच्या गिरण्यांत एक मोठे वाफेचे इंजिन असे आणि छताखालून लांबच लांब दांडा फिरत असे. त्या दांड्यावरच्या पुल्यांवरून पट्टे खाली येत आणि यंत्रे चालवीत. इंजिनाचा वेग सर्वांना एकच. पण एका यंत्राला वेगाने फिरायचे, तर दुसऱ्याला सावकाश. मग काय करीत? पुलीचा आकार बदलीत. इंजिनाला हात न लावता, नुसती पुली लहानमोठी करून यंत्राची चाल बदलता येते, हे गिरणीतल्या जॉबरला पुस्तकावाचून ठाऊक होते.

गिरणीनंतर वीस वर्षांनी जिल्ह्यात दुसरे एक यंत्र आले आणि त्याने हाच धडा रुळांवर गिरवला. १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा इंजिनिअर. हलके रूळ घालून स्वस्तात रेल्वे करायची, तर एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, हा त्याने घालून घेतलेला दंडक होता. वाफेच्या इंजिनाला गिअर नसतात. दट्ट्या एकदा पुढेमागे झाला की चाक एकदा फिरते. मग ओढ आणि वेग यांचा निवाडा कोण करणार? तो चाकाचा व्यास करतो. त्या काळी जलद गाडीच्या इंजिनाची चाके सहा फुटांहून उंच असत. एका फेऱ्यात पुष्कळ अंतर तोडले जाई, पण निघताना गाडी जड जाई. मालगाडीच्या इंजिनाची चाके लहान असत. वेग कमी, पण ओढ भक्कम. बार्शी लाइनच्या पहिल्या इंजिनांना लहान लहान आठ चाके एकमेकांना जोडलेली होती. भार वाटला गेला आणि ओढही मिळाली. पुढे हीच गाडी बालाघाटाचा चढ चढून १९११ मध्ये लातूरला पोचली. ती कधी फार वेगाने धावली नाही, पण कापूस, भुईमूग आणि माणसे तिने वर चढवली.

ही रेल्वे तडवळ्याकडे वाढवली जात होती, तेव्हा तिच्या बांधकामातला काही भाग एका तरुण ठेकेदाराने आपल्या भागीदाराबरोबर घेतला होता. भागीदाराचे नाव लक्ष्मणराव फाटक. तरुणाचे नाव वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा होता. तो मागे ठेवून हे गृहस्थ माती-मुरुमाच्या कामात शिरले. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत. तोपर्यंत मोटारीची गोष्ट थोडी पुढे नेऊ.

मोटारीचे पेट्रोल इंजिन वाफेच्या इंजिनासारखे नाही. वाफेचे इंजिन उभ्या जागी पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलचे इंजिन थांबलेले असेल तर त्यात काडीचा जोर नसतो. मिनिटाला काही शे फेरे झाल्यावर ते जीव धरते आणि त्याची खरी ताकद हजारांच्या घरात लागते. आता चाकाचे पाहा. साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान गाडीचे चाक मिनिटाला जेमतेम सव्वापाचशे फेरे घेते. म्हणजे इंजिनाचे फेरे घटवले पाहिजेत आणि घटवताना जोर वाढवून घेतला पाहिजे. हे काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा गिअर बॉक्सचा. तिथे तीन, चार, पाच जोड्या असतात. चालक दांडा हलवून हवी ती जोडी निवडतो. दुसरा टप्पा मागच्या आसाचा. तिथे जोडी एकच. ती बदलता येत नाही. गिअर बॉक्समध्ये कोणतीही जोडी लावा, तिच्या आकड्याला आसाच्या आकड्याने गुणले जातेच. गिअर बॉक्स हा चालकाच्या हातातला निर्णय आहे. मागचा आस हा कारखान्याने आधीच घेऊन टाकलेला निर्णय आहे. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाके ओढतात, म्हणून ही जोडी पुढे गिअर बॉक्सलगतच असते. जागा बदलली, हिशेब तोच.

या आसाचा इतिहास मोटारीहून जुना आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी अंतर जावे लागते. दोन्ही चाकांना जोर मिळावा आणि तरी त्यांना वेगळ्या चालीने फिरता यावे, अशी दातेरी रचना पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८२८ मध्ये पेटंट केली होती. तीच आजचे डिफरन्शियल. १८८६ मध्ये जर्मनीत कार्ल बेंझने आपली तीनचाकी मोटार केली, तेव्हा चाकांपर्यंत शक्ती नेण्यासाठी साखळ्या वापरल्या. पुढे साखळ्या गेल्या आणि तिरप्या दात्यांची पिनियन-क्राउन जोडी आली.

शिक्षकांनी वर्गात सांगावे असे उदाहरण अमेरिकेतले आहे. हेन्री फोर्डची मॉडेल टी मोटार १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती. तिच्या पिनियनला ११ दाते आणि क्राउनला ४० दाते. भागाकार ३.६४. १९१७ मध्ये त्याच कंपनीने एक टन मालाचा ट्रक काढला. इंजिन तेच, वीस अश्वशक्तीचे. मग टनभर माल ओढायला बळ कोठून आणले? मागच्या आसातून. ट्रकच्या आसाचा आकडा ७.२५ ठेवला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चाकावरचा जोर जवळजवळ दुप्पट झाला आणि वेग जवळजवळ निम्मा. इंजिनात रतीभर फरक न करता धावणाऱ्या घोड्याचा बैल केला.

दुसरे उदाहरण आपल्या ओळखीच्या जीपचे. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीने लष्करासाठी जी जीप केली, तिच्या पिनियनला ८ दाते होते आणि क्राउनला ३९. भागाकार ४.८८. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि कंपनीने तीच जीप शेतकऱ्यांसाठी म्हणून बाजारात आणली. आता तिला नांगर ओढायचा होता, ट्रेलर ओढायचा होता. पिनियन ८ दात्यांचाच राहिला, पण क्राउन ४३ दात्यांचे झाले. भागाकार ५.३८. चार दाते वाढले आणि ओढ दहा टक्क्यांनी वाढली. वेग तेवढाच उतरला. शिपायाची जीप आणि शेतकऱ्याची जीप यांच्यातला हा फरक चार दात्यांचा होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनी मुंबईत विलिसच्या जीपा जोडू लागली आणि पुढे त्या आपल्या खेड्यापाड्यांत पोचल्या.

आता थोडे गणित करू. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण लहान मोटारीच्या फार जवळचे आहेत. इंजिनाचा पीळ ७ किलोग्रॅम-मीटर समजा. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ७ किलोचा जोर. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, परीघ सुमारे १.९ मीटर. भरलेल्या गाडीचे वजन १,२०० किलो. अशा दोन गाड्या घ्या. सगळे सारखे, फक्त पहिलीच्या आसाचा आकडा ४ आणि दुसरीच्या आसाचा ५. चौथ्या गिअरमध्ये गिअर बॉक्स काही घटवत नाही, सरळ शक्ती देतो.

इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर पहिल्या गाडीचे चाक १,००० फेरे घेईल आणि ती ताशी ११४ किलोमीटर जाईल. दुसऱ्या गाडीचे चाक ८०० फेरे घेईल आणि ती ९१ किलोमीटर जाईल. वेगात पहिली सरस.

आता ओढ पाहा. पहिल्या गाडीत ७ गुणिले ४, म्हणजे २८. त्याला ०.३ ने भागले की ९३ किलो. दात्यांच्या घर्षणात दहावा हिस्सा जातो असे धरले तर उरले ८४. दुसऱ्या गाडीत ७ गुणिले ५, म्हणजे ३५. ०.३ ने भागून ११७ आणि घर्षण वजा जाता १०५. रस्त्याची आणि वाऱ्याची आडकाठी २० किलोची धरा. पहिलीकडे राहिले ६४ आणि दुसरीकडे ८५.

आता ही गाडी तुळजापूरच्या वाटेवर आणा. सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. बराच रस्ता सपाट माळाचा. शेवटी बालाघाटाची कड लागते आणि घाट सुरू होतो. कोजागिरीला हजारो माणसे हीच वाट पायी चालतात. घाट चढताना पाऊल लहान पडते आणि श्वास लागतो, हे त्यांना सांगायला नको. पाऊल लहान करणे म्हणजेच माणसाने गिअर बदलणे. समजा, चढ पंधरास एक आहे. १,२०० किलोची गाडी वर नेण्यासाठी ८० किलोची ओढ लागेल. पहिलीकडे ६४ आहे. ती चौथ्या गिअरमध्ये मान टाकेल आणि चालकाला तिसरा लावावा लागेल. दुसरीकडे ८५ आहे. ती कुरकुरत का होईना, चौथ्यावरच चढेल.

सपाटीवर याच जास्तीच्या ओढीला लोक पिकअप म्हणतात. शाळेच्या पुस्तकात तिचे नाव त्वरण. वेग किती चटकन वाढतो, हे वजनाच्या मानाने शिल्लक ओढ किती आहे यावर ठरते. वरच्या उदाहरणात शिल्लक ६४ ची ८५ झाली. म्हणजे सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये दुसरी गाडी सुमारे एक तृतीयांश अधिक जोमाने वेग घेईल. बैलगाडीला ओलांडून पुढे जायचे आणि समोरून ट्रक येतो आहे, अशा वेळी हा फरक फार मोलाचा असतो.

मग सगळ्या गाड्यांना मोठा आकडा का देत नाहीत? असे कोणी विचारील, आणि विचारावे. पहिले कारण आपण पाहिलेच. वेग उतरतो. दुसरे कारण, ६० किलोमीटर वेगाने जाताना पहिल्या गाडीचे इंजिन सुमारे २,१०० फेरे घेईल आणि दुसरीचे २,६००. दर किलोमीटरला इंजिन जास्त फिरले, तर पेट्रोल जास्त, आवाज जास्त आणि झीजही जास्त. तिसरे कारण जरा नाजूक आहे. पिकअपचा फायदा सगळीकडे मिळत नाही. दुसऱ्या गिअरचा आकडा सव्वादोन आणि तिसऱ्याचा दीड धरा. पहिली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे ५० किलोमीटरपर्यंत जाईल. दुसरी गाडी सुमारे ४० ला दमेल आणि तिला तिसरा लावावा लागेल. मग ४० ते ५० च्या मध्ये काय होते? पहिली गाडी दुसऱ्यात आहे. सव्वादोन गुणिले चार, म्हणजे नऊ. दुसरी तिसऱ्यात आहे. दीड गुणिले पाच, म्हणजे साडेसात. तेवढ्या टापूत जास्त ओढ पहिलीचीच! शिवाय गिअर बदलताना क्लच दाबलेला असतो, तेवढा वेळ चाकाला जोर मिळतच नाही. आणखी एक गोष्ट. आकडा वाढला की इंजिनाचे जड फिरते भाग अधिक लवकर गरगरवावे लागतात. थोडी शक्ती त्यातच खर्च होते. पहिल्या गिअरमध्ये तर जोर इतका होऊ शकतो की चिखलावर टायर नुसताच फिरतो आणि गाडी जागची हलत नाही.

म्हणून चांगला कारखानदार हा आकडा ठरवण्याआधी विचारतो, गाडी कोणासाठी आहे? रस्ता कसा आहे? चढ किती? एका वेळी किती माणसे बसणार? पेट्रोल स्वस्त की महाग? दात्यांची संख्या ही या प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज असते.

इथेच आपण वालचंदांकडे परत येतो. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना घातला होता. पण तिथे मोटारी घडवल्या जात नव्हत्या. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग जोडले जात होते. आसही पेटीतूनच येई. त्यातले दाते परदेशात मोजलेले असत. इथल्या माणसाने फक्त बोल्ट आवळायचे. आपल्या घाटाला, आपल्या भाराला काय हवे, हा प्रश्न इथे कोणी विचारण्याची सोयच नव्हती.

मोटार या देशात घडली पाहिजे, ही योजना विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांताचे खेर मंत्रिमंडळ अनुकूल होते. दिल्लीचे इंग्रज सरकार नव्हते. युद्ध सुरू झाल्यावर मोटारीचा कारखाना हा युद्धाला आवश्यक उद्योग मानायलाही सरकारने नकार दिला. ज्या माणसाने १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे जहाज समुद्रात नेले, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, त्याला मोटारीसाठी मात्र वाट पाहावी लागली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि मुंबईला कुर्ल्यात कारखाना झाला. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्याही सुरुवातीला जोडलेल्याच होत्या. पण हळूहळू भाग इथे करायचे, असा बेत होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की जे कारखानदार भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आखतील, त्यांनाच या धंद्यात वाव द्यावा. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये इथला कारभार आटोपला.

त्याच वर्षी प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी आणली. वालचंदांनी ती पाहिली नाही. ८ एप्रिल १९५३ ला त्यांचे निधन झाले होते. या गाडीचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, गिअर चार, दांडा स्टिअरिंगपाशी आणि मागच्या आसाचा आकडा ४.३ च्या आसपास. आपल्या हिशेबातल्या दोन गाड्यांच्या मधला. लहान इंजिन आणि डोंगराळ इटली, यांचा तो मेळ होता आणि तो आपल्याकडेही बरा जमला. ही गाडी वाऱ्यासारखी धावणारी नव्हती, पण चार माणसे आणि टपावर सामान घेऊन, तिसऱ्यावर, वेळ पडली तर दुसऱ्यावर, घाट चढत असे. पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने दोन-तीन पिढ्या वाहून नेल्या. तिचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

वालचंदांच्या धडपडीचे मोल नुसते गाड्यांच्या संख्येने मोजू नये. क्राउन-पिनियन कापणे हे अतिशय नाजूक काम. दाते तिरपे आणि वक्र असतात. केसाएवढी चूक झाली तरी आस रडू लागतो. कापल्यानंतर ते भट्टीत कडक करावे लागतात आणि मग जोडीने एकमेकांवर घासून बसवावे लागतात. हे ज्या देशाला येते, तो देश आपल्या रस्त्याला शोभेल असा आकडा स्वतः ठरवू शकतो. ज्याला येत नाही, त्याने दुसऱ्याचा आकडा मुकाट्याने घ्यायचा. आज ठाण्याजवळ मुंब्र्याला मोटारींचे, ट्रक-ट्रॅक्टरचे दातेरी भाग तयार होतात. आणि सोलापुरात १९९२ मध्ये निघालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कॅमशाफ्ट जगभरच्या मोटार कारखान्यांना जातात. कॅमशाफ्ट म्हणजे गिअर नव्हे, तो इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. पण केसाएवढी चूक न करण्याची शिस्त तीच आहे. एके काळी बाहेरून भाग मागवणाऱ्या देशातले हे शहर आता बाहेर भाग पाठवते.

आता गावाकडच्या श्रोत्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. पहिली टायरची. पुष्कळ हौशी तरुण जीपला मोठे टायर घालतात. गाडी उंच आणि रुबाबदार दिसते. पण चाक मोठे झाले की आसाचा आकडा लहान केल्यासारखेच होते. बार्शीच्या इंजिनाचा धडा इथे लागू पडतो. चाकाचा व्यास दहा टक्के वाढला, तर ओढ सुमारे दहा टक्के उतरते. विलिस कंपनीने चार दाते वाढवून शेतकऱ्याला जे दिले, ते आपण टायर बदलून परत करतो. वर वडापची गाडी असेल, आत दहाच्या जागी पंधरा माणसे असतील, तर चढावर चालक क्लच अर्धवट दाबून गाडी ओढतो आणि क्लच जळतो. मग म्हणतात, ‘‘गाडीत दम राहिला नाही.’’ दम होता तेवढाच आहे. हिशेब आपण बिघडवला. दुसरी गोष्ट. क्राउन किंवा पिनियन यांतले एकच खराब झाले, तरी जोडी मिळून बदलावी आणि नव्या जोडीचे दाते जुन्या जोडीइतकेच आहेत ना, हे मोजून घ्यावे. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा आकडा जुळला नाही, तर कडक रस्त्यावर दोन्ही आस एकमेकांशी भांडतात आणि दाते मोडतात.

शिक्षकांनी हा धडा सायकलवर द्यावा. सायकल उलटी उभी करा. मागच्या टायरवर खडूची खूण करा. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे अडीच फेरे घेते. मुलांना मोजू द्या, मग दाते मोजून भागाकार करू द्या. नंतर मागे २२ दात्यांचे चक्र असेल तर किती फेरे होतील, हे आधी कागदावर काढायला सांगा. उत्तर दोन येईल. आता विचारा, चढावर कोणती सायकल सोपी जाईल आणि शर्यतीत कोणती जिंकेल? ज्या मुलाने हा भागाकार केला, त्याला मोटारीचा आस कोणी वेगळा शिकवावा लागणार नाही.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. विजेची मोटर वाफेच्या इंजिनासारखी उभ्या जागी पूर्ण जोर लावते, म्हणून अशा बहुतेक गाड्यांना गिअर बदलावे लागत नाहीत. चालकाच्या हातातला दांडा गेला. पण दात्यांची घट गेली नाही. मोटरपासून चाकापर्यंत साधारण आठ ते दहा पट घट ठेवलेली असते आणि ती एकदाच, कारखान्यात ठरते. पूर्वी कारखान्याची चूक चालक गिअर बदलून थोडीफार सांभाळून घेई. आता तीही सोय उरली नाही. म्हणजे तो एक आकडा आता पूर्वीपेक्षाही जपून ठरवावा लागतो.

गुऱ्हाळाच्या बैलाने, गिरणीच्या जॉबरने आणि बार्शीच्या रेल्वेने आपल्याला एकच हिशेब शिकवला. वेग हवा असेल तर जोर द्यावा लागतो आणि जोर हवा असेल तर वेग. काय द्यायचे आणि काय घ्यायचे, हे रस्ता पाहून, भार पाहून ठरवावे. आणि ते ठरवणारा माणूस तो रस्ता ओळखणारा असावा. सोलापूरच्या एका सावकाराच्या मुलाने मोटारीचा कारखाना देशातच व्हावा म्हणून जो हट्ट धरला, त्याचा अर्थ हाच होता.